प्रोग्रॅमिंगमधले राखीव शब्द: ओळखायचे कसे, हाताळायचे कसे

पायथनमध्ये ‘क्लास = ५’ असे लिहिले की प्रोग्रॅम सुरूच होत नाही. ‘लिस्ट = ५’ लिहिले तर मात्र तो निमूटपणे पुढे जातो आणि पन्नास ओळींनंतर भलत्याच जागी कोसळतो. दोन्ही शब्द पायथनच्याच घरचे, बहुतेक एडिटर दोघांनाही रंग देतात. मग एकाला मनाई आणि दुसऱ्याला मोकळीक का? हा फरक समजला की राखीव शब्दांचा, म्हणजे भाषेने स्वतःसाठी अडवून ठेवलेल्या शब्दांचा, निम्म्याहून अधिक विषय समजला. तो समजला नाही, तर यादी कितीही घोका, फसगत टळत नाही.

आधी एक खुलासा. या लेखातला कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे. टाइप करताना अर्थातच भाषेचे मूळ रोमन स्पेलिंग वापरायचे. उदाहरणे मुख्यतः पायथनची आहेत, कारण ती लगेच करून पाहता येतात. जिथे दुसऱ्या भाषेत गोष्ट जास्त स्पष्ट दिसते तिथे ती भाषा घेतली आहे.

शब्द राखीव असतो म्हणजे नेमके काय होते

तुम्ही लिहिलेली फाइल कंपायलरच्या किंवा इंटरप्रिटरच्या (म्हणजे कोड वाचून तो संगणकाकडून चालवून घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दृष्टीने सुरुवातीला फक्त अक्षरांची एक लांबलचक रांग असते. पहिले काम लेक्सरचे. तो ही रांग तोडून तुकडे पाडतो; या तुकड्यांना टोकन म्हणतात. अक्षराने किंवा अंडरस्कोरने सुरू होणारा तुकडा मिळाला की लेक्सर जमेल तितका लांब शब्द उचलतो आणि तो राखीव शब्दांच्या तक्त्यात आहे का ते पाहतो. नसेल तर त्यावर ‘नाव’ असा शिक्का बसतो. असेल तर ‘कीवर्ड’ असा. (काही भाषांत ही तपासणी लेक्सरऐवजी पार्सर करतो, परिणाम तोच.)

पुढचे काम पार्सरचे. तो टोकनांची मांडणी व्याकरणाशी ताडून पाहतो. ‘क्लास = ५’ या ओळीत त्याला दिसते: कीवर्ड, बरोबरचे चिन्ह, संख्या. व्याकरण सांगते की ‘क्लास’नंतर नाव यायला हवे. तिथे बरोबरचे चिन्ह आल्यामुळे गाडी तिथेच थांबते. तुम्हाला त्यात संख्या साठवायची होती की आणखी काही, इथपर्यंत गोष्ट पोहोचतच नाही. म्हणून राखीव शब्दाची चूक प्रोग्रॅम चालण्याआधीच पकडली जाते.

या एवढ्या माहितीतून बऱ्याच शंका आपोआप सुटतात. ‘क्लासरूम’ हे नाव चालते, ‘फॉर’ने सुरू होणारे ‘फॉर्म’ही चालते, कारण लेक्सर पूर्ण शब्द उचलतो, त्याचा पहिला भाग नाही. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात किंवा कॉमेंटमध्ये राखीव शब्द कितीही वेळा आला तरी बिघडत नाही, कारण तो भाग नाव म्हणून वाचलाच जात नाही. पायथन, जावा, सी या भाषा लहान-मोठे अक्षर वेगळे मानतात. त्यामुळे मोठ्या अक्षराने सुरू होणारे ‘क्लास’ हे तिथे साधे नाव ठरते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत आणि पास्कलमध्ये ही पळवाट नाही.

राखीव शब्द प्रत्येक भाषेला लागतातच असेही नाही. १९५७ साली आलेल्या फोरट्रानमध्ये असे शब्द नव्हते. आयबीएमने १९६०च्या दशकात घडवलेल्या पीएल/वन या भाषेत तर ‘इफ इफ = देन देन देन = एल्स; एल्स एल्स = इफ;’ हे वाक्य वैध आहे. कोणता ‘इफ’ अटीचा आणि कोणता व्हेरिएबलचा (किंमत साठवणाऱ्या नावाचा), हे कंपायलर जागेवरून ओळखतो. कंपायलरला जमते, माणसाला वाचवत नाही. नंतरच्या बहुतेक भाषांनी थोडे शब्द राखून ठेवण्याचा मार्ग धरला तो म्हणूनच, आणि मला तो सौदा फायद्याचा वाटतो.

पायरी १: यादी भाषेकडूनच मागा

इंटरनेटवर फिरणाऱ्या याद्या बऱ्याचदा जुन्या असतात. कोणत्या आवृत्तीची यादी आहे हेही त्यात लिहिलेले नसते. त्यापेक्षा तुमच्या संगणकावर बसवलेल्या भाषेलाच विचारा.

पायथनमध्ये ‘कीवर्ड’ नावाचे मॉड्यूल आहे. ते इम्पोर्ट करून ‘केडब्ल्यूलिस्ट’ छापा. पायथन ३.७पासून पुढच्या आवृत्त्यांत त्यात ३५ शब्द मिळतात. त्यांतले तीनच मोठ्या अक्षराने सुरू होतात: ट्रू, फॉल्स आणि नन. एखादाच शब्द तपासायचा असेल तर त्याच मॉड्यूलमधले ‘इझकीवर्ड’ हे फंक्शन वापरा. इथे एक खाचखळगा आहे. स्ट्रिंगवर, म्हणजे अवतरणचिन्हांतल्या मजकुरावर, चालणारी ‘इझआयडेंटिफायर’ ही मेथड ‘क्लास’ या शब्दालाही होकारच देते, कारण ती फक्त शब्दाची घडण बघते. वापरकर्त्याने दिलेले नाव चालेल का, हे कोडमधून ठरवायचे असेल तर दोन्ही तपासण्या कराव्या लागतात.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ‘पीजी_गेट_कीवर्ड्स’ हे फंक्शन शब्दांसोबत प्रत्येक शब्द कितपत राखीव आहे तेही सांगते. जावा, गो, सी यांसाठी अधिकृत विनिर्देश उघडा. गोची यादी फक्त २५ शब्दांची आहे. १९८९च्या प्रमाणित सीमध्ये ३२ शब्द होते. दुसऱ्या टोकाला कोबोल आहे. त्यात राखीव शब्द शेकड्यांनी मोजावे लागतात. नावाच्या आधी ठरावीक उपसर्ग आणि जोडरेघ लावण्याची कोबोलवाल्यांची सवय अशा वेळी फार उपयोगी पडते.

यादी एकदा सावकाश वाचा. पाठ करू नका. रोज वापरले जाणारे शब्द हातात आपोआप बसतात. क्वचित लागणारे शब्द, उदाहरणार्थ पायथनमधले ‘नॉनलोकल’ किंवा ‘असर्ट’, कुठेतरी पाहिल्याचे आठवले तरी काम भागते.

पायरी २: शब्द कोणत्या गटातला आहे ते ठरवा

सगळे ‘खास’ शब्द सारखे खास नसतात. गट ओळखला की तो शब्द नाव म्हणून वापरता येईल का, आणि वापरला तर काय होईल, हे सांगता येते.

पहिला गट पक्क्या राखीव शब्दांचा. इफ, फॉर, रिटर्न वगैरे. कुठेही नाव म्हणून चालणार नाहीत.

दुसरा गट संदर्भाने कीवर्ड ठरणाऱ्या शब्दांचा, आणि गेल्या काही वर्षांत हाच सर्वांत जास्त वाढला आहे. पायथन ३.१० मध्ये, म्हणजे २०२१ साली, ‘मॅच’ आणि ‘केस’ आले. ठरावीक रचनेतच ते कीवर्ड असतात, इतरत्र साधी नावे. हे मुद्दाम केले आहे. पायथनच्या रेग्युलर एक्सप्रेशनच्या (मजकुरात नमुने शोधण्याच्या) मॉड्यूलमध्ये ‘मॅच’ नावाचे फंक्शन पूर्वीपासून आहे आणि असंख्य प्रोग्रॅममध्ये या नावाची व्हेरिएबल्स आहेत. तो शब्द पक्का राखीव केला असता तर ते सगळे एका दिवसात मोडले असते. ३.१२ मध्ये ‘टाइप’लाही असेच सौम्य स्थान मिळाले. या शब्दांची यादी ‘कीवर्ड’ मॉड्यूलमध्ये ‘सॉफ्टकेडब्ल्यूलिस्ट’ या नावाने वेगळी मिळते. जावाने १०व्या आवृत्तीत, २०१८ साली, ‘व्हार’ आणला तोही असाच; त्यामुळे ‘व्हार व्हार = ५;’ ही ओळ जावात वैध आहे. वैध आहे म्हणून लिहू नका.

तिसरा गट गमतीचा: राखून ठेवलेले, पण वापरात नसलेले शब्द. जावात ‘गोटू’ आणि ‘कॉन्स्ट’ यांना काहीही काम नाही, तरी ती नावे देता येत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये ‘एनम’ भविष्यासाठी अडवून ठेवला आहे. ‘क्लास’ही तिथे वर्षानुवर्षे असाच बसून होता, २०१५च्या आवृत्तीत त्याला काम मिळाले. आधीच राखून ठेवल्यामुळे त्या बदलाने कोणाचे व्हेरिएबल मोडले नाही. सी प्लस प्लसमधल्या ‘एक्सपोर्ट’ची कथा याहून वळणाची आहे. त्याचे मूळ काम २०११च्या प्रमाणित आवृत्तीत काढून टाकले, शब्द मात्र सोडला नाही, आणि २०२०मध्ये मॉड्यूलसाठी तोच पुन्हा कामाला लावला.

चौथ्या गटात शब्द नाहीत, नावांचे नमुने आहेत. सीमध्ये अंडरस्कोर आणि त्यामागे मोठे अक्षर, किंवा सुरुवातीला दोन अंडरस्कोर, अशी नावे कंपायलर आणि त्याच्या लायब्ररीसाठी राखीव आहेत. तुम्ही तसे नाव दिले तर बहुधा एरर येणार नाही, पण नियम मोडलेला असतो. १९९९च्या प्रमाणित आवृत्तीत सत्य-असत्याचा प्रकार आणताना सीच्या प्रमाणीकरण समितीने याच राखीव जागेतून ‘_बूल’ हे विचित्र दिसणारे नाव उचलले, कारण अंडरस्कोर नसलेला ‘बूल’ लोकांनी आपापल्या कोडमध्ये आधीच वापरला होता. तो साधा ‘बूल’ सीमध्ये कीवर्ड व्हायला सी२३ ही आवृत्ती उजाडावी लागली.

पाचवा गट भाषेसोबत तयार मिळणाऱ्या नावांचा: पायथनमधले लिस्ट, प्रिंट, सम, आयडी, इनपुट, गोमधले लेन, निल, अगदी ट्रूसुद्धा. हे राखीव नाहीत. त्यांच्यावर आपले नाव चढवता येते. त्यासाठी स्वतंत्र पायरी हवी.

पायरी ३: बिनराखीव नावांचा सापळा ओळखा

नवख्यांना राखीव शब्दांची भीती वाटते. ती खरे तर या पाचव्या गटाची वाटायला हवी. राखीव शब्द चुकून वापरला तर भाषा लगेच ओरडते आणि दोन मिनिटांत काम संपते. ‘लिस्ट’ किंवा ‘सम’ हे नाव तुम्ही बळकावले तर कोणी काही बोलत नाही.

करून पाहा. पायथनच्या संवादी खिडकीत ‘सम = ०’ लिहा. मग एका यादीतल्या संख्यांची बेरीज करायला ‘सम’ला हाक मारा. ‘टाइपएरर’ येईल आणि संदेश सांगेल की पूर्णांक हा हाक मारण्याजोगा नाही. कारण ‘सम’ हे नाव आता शून्याकडे बोट दाखवते, मूळ फंक्शनकडे नाही. मूळ फंक्शन कुठेही गेलेले नाही, फक्त झाकले गेले आहे. ‘डेल सम’ लिहिले की तुमचे नाव पुसले जाते आणि खालचे फंक्शन पुन्हा दिसू लागते. नोटबुकमध्ये, म्हणजे कोडचे तुकडे एकेक करून चालवता येणाऱ्या पानावर, काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे: चुकीची ओळ खोडली तरी ते नाव स्मृतीत तसेच राहते, आणि दुरुस्त कोडही तीच एरर देत राहतो. ‘डेल’ करा किंवा कर्नल (नोटबुकमागे चालणारा पायथन) पुन्हा सुरू करा.

एडिटरच्या रंगांवर इथे विसंबू नका. काही एडिटर कीवर्ड आणि बिल्ट-इन नावे वेगवेगळ्या रंगांत दाखवतात, काहींच्या रंगयोजनेत तो फरक डोळ्यांना जाणवतही नाही. लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारे साधन, बसवणे जास्त भरवशाचे. पायलिंट अशा ठिकाणी ‘रीडिफाइन्ड-बिल्टइन’ असा इशारा देतो.

‘आयडी’ किंवा ‘इनपुट’ अशी नावे छोट्या फंक्शनच्या आत वापरली तर आकाश कोसळत नाही, अनुभवी लोकही ती वापरतात. फाइलच्या सर्वांत वरच्या पातळीवर मात्र टाळा.

पायरी ४: एरर वाचताना एक शब्द मागे आणि पुढे बघा

राखीव शब्दामुळे आलेल्या एररमध्ये ‘हा शब्द राखीव आहे’ असे क्वचितच लिहिलेले असते. पायथन बहुधा ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ एवढेच म्हणतो. ‘क्लास = ५’ मध्ये त्याचा बाण ‘क्लास’वर नाही, तर त्याच्या पुढच्या बरोबरच्या चिन्हावर येतो, कारण व्याकरण तिथे बिनसते. पण ‘डेफ’च्या कंसात ‘क्लास’ हे पॅरामीटर दिले तर बाण थेट त्या शब्दावर येतो. जावाचा कंपायलर ‘नाव अपेक्षित होते’ किंवा ‘अर्धविराम हवा’ अशा अर्थाचे एकाहून अधिक संदेश एकाच चुकीसाठी देऊ शकतो. म्हणून ओळ निर्दोष दिसत असूनही सिंटॅक्स एरर येत असेल, तर बाणाच्या जागेचा आणि त्याच्या लगेच आधीचा शब्द यादीत आहे का ते पाहा.

उलटी चूकही तितकीच होते: राखीव शब्दाचे स्पेलिंग चुकते आणि तो साधे नाव बनतो. पायथनमध्ये लहान अक्षराने ‘ट्रू’ लिहिले तर ‘हे नाव माहीत नाही’ अशी एरर प्रोग्रॅम त्या ओळीवर पोहोचल्यावरच येते. यातला सर्वांत वाईट प्रकार सी आणि जावास्क्रिप्टच्या ‘स्विच’मध्ये सापडतो. तिथे ‘डिफॉल्ट’च्या स्पेलिंगमधली दोन अक्षरे उलटसुलट झाली आणि पुढे अपूर्णविराम आला, तर भाषा त्याला लेबल (कोडमधल्या जागेला दिलेले नाव) समजते. लेबल वैध असते. एरर येत नाही, आणि डिफॉल्टचा भाग कधीच चालत नाही. सी कंपायलरचे इशारे चालू असतील तर ‘लेबल वापरलेले नाही’ अशी एक ओळ दिसते. ती दुर्लक्षू नका.

पायरी ५: पर्यायी नाव द्या

सर्वांत चांगला उपाय म्हणजे नाव अधिक नेमके करणे. ‘क्लास’ऐवजी तो कशाचा वर्ग आहे ते लिहा, ‘फ्रॉम’ऐवजी ‘सुरुवातीची तारीख’ या अर्थाचे नाव द्या. बऱ्याचदा टक्कर झाली म्हणून सुचलेले नाव मूळ नावापेक्षा चांगले निघते. पायथन ३ मध्ये ‘वय’ किंवा ‘एकूण_गुण’ अशी देवनागरी नावेही वैध आहेत आणि त्यांची कोणत्याच कीवर्डशी टक्कर होत नाही. सामायिक प्रकल्पात मात्र सोबतच्या सर्वांना ती टाइप करता यायला हवीत.

नेमके नाव सुचत नसेल तर भाषेचा रिवाज पाळा. पायथनच्या शैलीमार्गदर्शकात, म्हणजे पेप ८ मध्ये, शेवटी एक अंडरस्कोर लावायला सांगितले आहे: ‘क्लास_’, ‘लॅम्डा_’. मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करण्यापेक्षा हे बरे, असेही तिथे म्हटले आहे. क्लास-मेथडमध्ये पहिले पॅरामीटर ‘सीएलएस’ लिहायची पद्धतही याच अडचणीतून आली आहे.

काही भाषांत राखीव शब्द जसाच्या तसा नाव म्हणून वापरायची अधिकृत सोय असते. सी-शार्पमध्ये आधी @ लावतात. कॉटलिन आणि स्विफ्टमध्ये शब्द बॅकटिकमध्ये (` या उलट्या अवतरणचिन्हांत) ठेवतात. रस्टमध्ये आधी ‘आर’ आणि हॅशचे चिन्ह येते. ही सोय स्वतःच्या नावांसाठी वापरू नका. ती आहे दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या कोडशी बोलण्यासाठी. जावाच्या मॉकिटो लायब्ररीत ‘व्हेन’ नावाची मेथड आहे, आणि कॉटलिनमध्ये ‘व्हेन’ कीवर्ड आहे; तिथे बॅकटिकला पर्याय राहत नाही.

पायरी ६: बाहेरून आलेली नावे स्ट्रिंगच राहू द्या

जेसॉन, सीएसव्ही अशा माहितीच्या फाइलींत ‘फ्रॉम’, ‘क्लास’ अशी नावे सर्रास येतात. ती नावे तुमच्या हातात नसतात. नियम साधा आहे: अवतरणचिन्हांच्या आत राखीव शब्दाला काही बंधन नाही. पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीत टिंब देऊन ‘क्लास’ स्तंभ मागितला तर सिंटॅक्स एरर येते, चौकटी कंसात अवतरणचिन्हांसह मागितला तर मिळतो. फंक्शनला ‘क्लास’ नावाचे आर्ग्युमेंट द्यायचेच असेल तर ते डिक्शनरीत घालून दोन ताऱ्यांनी उलगडा. चालते, कारण तिथे तो शब्द स्ट्रिंग असतो.

जावास्क्रिप्टमध्ये २००९च्या पाचव्या आवृत्तीपासून टिंबानंतर राखीव शब्द थेट लिहिता येतात. पण वेबपानाची प्रणाली त्याआधी घडली होती. एचटीएमएलमधल्या ‘क्लास’ला जावास्क्रिप्टमध्ये ‘क्लासनेम’ आणि लेबलच्या ‘फॉर’ला ‘एचटीएमएलफॉर’ म्हणावे लागते ते यामुळेच.

पायरी ७: डेटाबेसचे तक्ते आखताना जास्त सावध राहा

व्हेरिएबलचे नाव बदलणे एका मिनिटाचे काम आहे. चालू तक्त्यातल्या स्तंभाचे नाव बदलणे म्हणजे त्यावर अवलंबून असलेला प्रत्येक अहवाल, प्रत्येक क्वेरी शोधणे. आणि नेमके इथेच राखीव शब्द मोहात पाडतात: ऑर्डर, ग्रुप, यूजर, टेबल.

‘ऑर्डर’ नावाच्या तक्त्यावर क्वेरी लिहिली तर निदान एरर येते. पोस्टग्रेसमध्ये ‘यूजर’ त्याहून कपटी आहे. तुम्ही त्या नावाचा तक्ता अवतरणचिन्हांत तयार केला आणि नंतर अवतरणचिन्हे न देता त्यातून सगळ्या ओळी मागितल्या, तर एरर येत नाही. एकच ओळ येते आणि तिच्यात सध्या लॉगइन असलेल्या डेटाबेस वापरकर्त्याचे नाव असते. कारण तिथे ‘यूजर’ म्हणजे चालू वापरकर्ता.

अवतरणचिन्हांनी सुटका होते: प्रमाणित एसक्यूएलमध्ये दुहेरी, मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकटी कंस. पण एकदा चिन्हे लावली की ती सगळीकडे लावावी लागतात. पोस्टग्रेसमध्ये तर चिन्हांमुळे लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही लागू होतो. नवा तक्ता करताना अनेकवचनी किंवा दोन शब्दांचे नाव द्या, कटकट मिटते.

पायरी ८: आवृत्ती बदलण्याआधी तपासा

यादी स्थिर नसते. मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘रँक’ आणि ‘ग्रुप्स’ राखीव झाले, आणि ५.७ वर बिनबोभाट चालणाऱ्या ‘रँक’ स्तंभाच्या क्वेरी अडू लागल्या. पायथन ३.७ मध्ये, २०१८ साली, ‘असिंक’ आणि ‘अवेट’ पक्के राखीव झाले. ३.६ ने त्याबद्दल इशारे दिले होते, पण असे इशारे कोण वाचतो? आवृत्ती बदलताना प्रकाशन-टिपणांत ‘नवे कीवर्ड’ हा भाग आधी शोधा. पायथनमध्ये नव्या आवृत्तीने ‘कंपाइलऑल’ मॉड्यूल सगळ्या फोल्डरवर चालवा. ते प्रोग्रॅम न चालवता प्रत्येक फाइलचे व्याकरण तपासते. रस्टने हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला. तिथे नवे कीवर्ड ‘एडिशन’ला बांधलेले असतात, आणि जुन्या एडिशनचा प्रकल्प नव्या कंपायलरवरही तसाच चालतो.

तुम्ही लायब्ररी लिहीत असाल आणि तुमच्याच पॅरामीटरचे नाव नव्या आवृत्तीत राखीव झाले, तर नाव बदलण्यावाचून इलाज नाही, कारण फंक्शनच्या व्याख्येत जुना शब्द दिसताच फाइल नाकारली जाईल. पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीने ‘असिंक’चे ‘नॉन_ब्लॉकिंग’ केले ते यासाठी. जुन्या पायथनवर राहिलेल्यांचा कोड मोडू नये म्हणून जुने नाव दोन ताऱ्यांच्या डिक्शनरीतून स्ट्रिंग म्हणून उचलता येते आणि सोबत इशारा देता येतो. नव्या पायथनवर ते जुने नाव कोणी थेट लिहिले, तर तुमच्या फंक्शनपर्यंत हाक पोहोचतच नाही. लिहिणाऱ्याची स्वतःची फाइलच पार्सरवर अडते.